घोयऱ्याचा डोळा : पाळीव शॅमेलिऑनच्या नेत्रविकारविषयक लेखनाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड)

प्रास्ताविक

मराठी भाषेने सरड्याकडे पाहिले ते प्रामुख्याने दोन निमित्तांनी. एक त्याचा रंग आणि दुसरी त्याची धाव. 'सरड्यासारखा रंग बदलणे' हा वाक्प्रचार राजकीय अग्रलेखांना अद्याप पुरून उरला आहे, तर 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातून प्रत्येक पिढीला भेटते. मात्र हे दोन सरडे एकच नव्हेत, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कुंपणाकडे धावतो तो बागेतला सरडा, म्हणजे कॅलोटीस. रंगबदलाबद्दल ज्याची ख्याती आहे तो शॅमेलिऑन. मराठीत त्याला घोयरा अथवा सरडगुहिरा म्हणतात. घोयरा धावत नाही. वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखा मागेपुढे डुलत तो एकेक पाऊल टाकतो. भाषेने दोन भिन्न प्राणी एका शब्दात कोंबले आणि त्या गडबडीत घोयऱ्याचे सर्वांत विलक्षण इंद्रिय, म्हणजे त्याचा डोळा, वाक्प्रचाराबाहेरच राहिला.

ही उणीव केवळ भाषिक असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु घोयरा आजारी पडतो तेव्हा त्याच्या आजाराची खूण बहुधा डोळ्यापाशी उमटते, आणि पाहणारा मात्र रंगाकडे पाहत राहतो. 'काळा पडला आहे, म्हणजे रागावला असेल', 'फिका पडला आहे, म्हणजे झोपला असेल' असा अर्थ लावला जातो; दिवसाढवळ्या मिटलेला डोळा मात्र कोणाच्या लेखी लागत नाही. शॅमेलिऑनच्या नेत्रविकारांवर जे मार्गदर्शनपर लेखन उपलब्ध आहे, त्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. हे लेखन कोणत्या गृहीतकांवर उभे आहे, ती गृहीतके दिवेआगरसारख्या किनारी गावात कितपत टिकतात, आणि लक्षण व रोग यांची त्यात कोठे गल्लत होते, हे तपासणे हा लेखाचा हेतू होय.

'पाळीव' या विशेषणाची अडचण

शॅमेलिऑन पाळण्याविषयीचे बहुतेक लेखन इंग्रजीत आणि पाश्चात्त्य वाचकासाठी झालेले आहे. त्यातील प्राणी प्रायः दोन : येमेन व सौदी अरेबिया या प्रदेशांतला शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन आणि मादागास्कर बेटावरचा पँथर शॅमेलिऑन. दोन्ही बंदिवासात पैदास केलेले, दुकानातून पावतीसह विकत घेतलेले. या लेखनातला 'पाळीव' हा शब्द त्यामुळे त्या संदर्भात निर्वेध आहे.

भारतात शॅमेलिऑनची एकच जाती आढळते. लॉरेंटीने १७६८ साली तिचे कॅमेलिओ झेलॅनिकस असे नामकरण केले. माल्कम स्मिथ यांच्या १९३५ सालच्या सरीसृपविषयक खंडात आणि जे. सी. डॅनियल यांच्या, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा समावेश आहे. घाटावरच्या कोरड्या, झुडपी प्रदेशाइतकी ती कोकणपट्टीत सहज दिसत नाही. तथापि तेथेही ती आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ही जाती संरक्षित असल्यामुळे तिला पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा ठरतो. परदेशी शॅमेलिऑनच्या बाबतीतही २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या परिशिष्टांत असलेल्या जाती बाळगणाऱ्यावर नोंदणीचे बंधन आले आहे. पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रमुख शॅमेलिऑन जाती या परिशिष्टांत मोडतात.

दिवेआगरमध्ये 'पाळलेला' घोयरा म्हणजे व्यवहारात नारळी-पोफळीच्या वाडीतून, कुंपणाच्या झुडपावरून अथवा रस्त्यावरून उचलून आणलेला घोयरा. त्यामागे नेहमी हौसच असते असे नाही. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, रस्ता ओलांडते; तिची संथ चाल पाहून ती जखमी आहे असा समज होतो. मुले दगड मारतील, कुत्रा धरील, या भीतीने कोणी कनवाळू माणूस तिला घरी आणतो. घोयरा विषारी असल्याचा गैरसमज ग्रामीण भागात आजही आहे, तेव्हा त्याला उचलून घेणारा माणूस काही एका धैर्याने आणि दयेने वागलेला असतो हे नाकारता येत नाही. मात्र येथूनच त्या प्राण्याच्या डोळ्याची परवड सुरू होण्याची शक्यता असते.

या संदर्भात नृगराजाच्या आख्यानाची आठवण होणे स्वाभाविक आहे. शापाने सरडा, म्हणजे कृकलास, होऊन कोरड्या विहिरीत पडलेल्या नृगाला यादवकुमार पाहतात, त्यांना त्याची दया येते आणि ते चामड्याच्या वाद्या व दोर लावून त्याला ओढू लागतात. परंतु तो काही वर येत नाही. भागवताच्या दशम स्कंधातील या प्रसंगाचा विचार सामान्यतः दानधर्माच्या आणि ब्राह्मणाच्या गाईच्या अंगाने केला जातो. त्यातील दोरांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. कुमारांच्या करुणेत खोट नव्हती. त्यांच्या हातातले साधन त्या प्राण्याचे नव्हते. घोयऱ्याच्या डोळ्यावरील घरगुती उपचारांचेही असेच आहे.

मानवी नेत्रविकारांची शब्दावली आणि तिची मर्यादा

डोळ्याच्या दुखण्यांसाठी मराठीत शब्दांची मुळीच वानवा नाही. डोळे येणे, लाली, चिपडे, खुपऱ्या, रांजणवाडी, वडस, फूल पडणे, मोतीबिंदू : यांतील प्रत्येक शब्दामागे पिढ्यांचे निरीक्षण आहे. त्या प्रत्येकाबरोबर एखादा उपायही चालत आलेला आहे. कोठे मध, कोठे गुलाबपाणी, कोठे त्रिफळ्याचे पाणी, आणि अलीकडे कपाटात मागच्या वर्षीची उरलेली थेंबांची बाटली.

परंतु ही सर्व शब्दावली एक गोष्ट गृहीत धरते. डोळ्याचा पांढरा भाग उघडा दिसतो, पापण्या दोन असतात आणि त्या उघडमीट करतात. घोयऱ्याच्या डोळ्याला यांतील काहीच लागू पडत नाही. त्याच्या वरच्या व खालच्या पापण्या एकत्र जुळून खवल्यांचा एक शंकू बनलेला असतो आणि त्याच्या टोकाशी बाहुलीपुरते बारीक छिद्र असते. एखाद्या बुरुजातून तोफेचे तोंड दिसावे तसा हा डोळा बाहेर आलेला असतो आणि तो बुरूज स्वतःच फिरतो. पांढरा भाग दिसत नाही, त्यामुळे 'लाली' दिसण्याचा प्रश्न येत नाही. बुबुळाचा अगदी थोडा भाग छिद्रातून दिसतो, त्यामुळे 'फूल' पडले तरी ते उशिरा लक्षात येते. रांजणवाडीसारखी दिसणारी गाठ ही बहुधा रांजणवाडी नसतेच.

सर्पमित्रांच्या ज्ञानाबाबतही एक सावधगिरी बाळगावयास हवी. रायगड किनाऱ्यावर कोणताही सरपटणारा प्राणी सापडला की पहिला दूरध्वनी सर्पमित्राला जातो, आणि ते योग्यही आहे. सापाच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. कात टाकताना तो डोळ्यावर अडकून राहू शकतो, हे सर्पमित्राला अनुभवाने माहीत असते. घोयऱ्याच्या डोळ्यावर असा खवला नाही. त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि तिचा एखादा कडक झालेला कपचा पापणीच्या छिद्राच्या काठाशी अडकतो. सापासाठी शिकलेली 'डोळ्यावरची कात काढण्याची' कृती येथे केली, तर निघते ती पापणीची त्वचा.

तात्पर्य, घोयऱ्याच्या डोळ्याचे निदान रंगावरून होऊ शकत नाही. ते आकारावरून आणि हालचालीवरून करावे लागते. उपलब्ध लेखनात हा मुद्दा कोठेच नाही असे नव्हे. परंतु तो लक्षणांच्या याद्यांमध्ये विखुरलेला असतो आणि त्याला तत्त्वाचे स्थान मिळत नाही. हीच त्या लेखनाची मूलभूत उणीव म्हणावी लागेल.

डोळ्याचे कार्य आणि लक्षणांचे वाचन

घोयऱ्याचे दोन्ही डोळे परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरतात. एक डोळा पुढच्या डहाळीकडे पाहत असता दुसरा पाठीमागचे आकाश न्याहाळत असतो. भक्ष्य हेरले की दोन्ही डोळे त्यावर स्थिर होतात आणि मगच जीभ सुटते. दोन डोळ्यांच्या दृष्टीतील फरकावरून अंतर मोजले जात असावे, असे पूर्वी सहज मानले जाई. लिंडसे हार्कनेस यांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ते चित्र बदलले. शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगे बसवली असता जिभेची झेप त्या भिंगांच्या प्रमाणात चुकली. म्हणजे अंतराचा अंदाज डोळ्यातील भिंगाच्या केंद्रीकरणावरून, कॅमेऱ्याच्या फोकसप्रमाणे, घेतला जातो. पुढे १९९५ साली ऑट आणि शेफेल यांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिले की, शॅमेलिऑनच्या डोळ्यातील भिंगाची शक्ती ऋण असते. त्यामुळे पडद्यावर पडणारी प्रतिमा मोठी होते आणि केंद्रीकरण अधिक अचूक साधते.

या संशोधनाचा रुग्णपरीक्षेशी थेट संबंध आहे, आणि मार्गदर्शनपर लेखनात तो क्वचितच जोडलेला दिसतो. केंद्रीकरण ही प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र क्रिया असल्यामुळे एका डोळ्याने अधू झालेला घोयरा काही प्रमाणात शिकार करू शकतो. तो लगेच उपाशी मरत नाही, आणि म्हणून त्याचा विकार झाकला जातो. उलट, जिभेचा नेम वारंवार चुकू लागला तर ते बुबुळ अथवा भिंग गढूळ झाल्याचे चिन्ह असू शकते. अर्थात नेम चुकण्याचे दुसरेही कारण संभवते. कॅल्शियमच्या अभावाने स्नायू दुर्बल झाले असता जीभ अर्ध्यावरच गळते. दोहोंतील भेद निरीक्षणाने करता येतो. जीभ पुरेशा जोराने सुटून बाजूला पडते की मुळात सुटतच नाही, हे पाहावे.

डोळ्याच्या आकाराचे वाचन असेच बारकाईने करावयास हवे. दोन्ही बुरूज खोल गेलेले दिसत असतील तर पहिला संशय शरीरातील पाणी कमी झाल्याचा घ्यावा. घोयरा वाटीतले साचलेले पाणी सहसा पीत नाही. तो पानावरचे दव अथवा पावसाचे थेंब चाटतो. घरात आणून जाळीच्या खोक्यात ठेवलेल्या प्राण्यासमोर पाण्याची वाटी भरून ठेवली जाते आणि वाटी भरलेली असतानाही तो तहानेने सुकत जातो. विष्ठेबरोबर पडणारा पांढरा युरेट पिवळट-नारिंगी झाला असेल तर हा संशय पक्का होतो. येथे डोळ्यात थेंब घालण्याचे काहीच प्रयोजन नाही. पानांवर पाणी शिंपडण्याचे आहे.

एकच डोळा फुगलेला असेल तर विचाराची दिशा बदलते. काटा, वाळूचा कण, कातीचा तुकडा, आघात, अथवा डोळ्यामागे साचलेला पू या शक्यता पुढे येतात. डोळ्यातील अश्रू वाहून नेणारी नलिका तोंडाच्या आतल्या बाजूला उघडते. तोंडातील जंतुसंसर्ग त्या वाटेने डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो. नलिका तुंबली तरी डोळा सुजतो. सुजलेल्या डोळ्याच्या रुग्णाचे तोंड उघडून पाहिल्याशिवाय परीक्षा पूर्ण झाली असे मानता येत नाही. सामान्य मार्गदर्शक लेखनात 'डोळा' आणि 'तोंड' ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. प्राण्याच्या शरीरात मात्र ती एकाच नळीने जोडलेली आहेत.

प्रत्येक फुगवटा रोगाचा नसतो. निरोगी शॅमेलिऑन काही वेळा डोळ्याचा बुरूज फुगवून तो फांदीवर घासतो, विशेषतः कात टाकण्याच्या सुमारास. काही क्षणांत डोळा पूर्ववत होतो. नवख्या माणसाची सर्वाधिक घाबरगुंडी याच दृश्याने उडते आणि अनावश्यक औषधोपचाराचा आरंभही बहुधा येथूनच होतो. कालावधी हा येथे निकष मानावा. क्षणभराचा फुगवटा स्वच्छतेचा, दुसऱ्या दिवशीही राहिलेला फुगवटा विकाराचा.

दिवसा मिटलेले डोळे हे सर्वांत गंभीर चिन्ह होय. घोयरा दिनचर प्राणी आहे. रात्री तो डोळे मिटून, फिकट पडून झोपतो. दिवसा दोन्ही डोळे मिटून बसणे ही नेत्ररोगाची खूण असतेच असे नाही. जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा विकार, परोपजीवी, मादीच्या पोटात अडलेली अंडी, अथवा हाताळणीचा असह्य ताण यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. डोळा येथे रोगाचे स्थान नसून रोगाची सूचना देणारी जागा आहे. 'डोळे मिटलेले असल्यास डोळ्याचे थेंब वापरावेत' असा सल्ला देणारे लेखन नेमके येथे फसते.

उपचारविषयक लेखनातील तीन गल्लती

पहिली गल्लत 'अ' जीवनसत्त्वाची. 'सुजलेला डोळा म्हणजे अ जीवनसत्त्वाचा अभाव' हे समीकरण सरीसृपांच्या लोकप्रिय साहित्यात इतके रूढ झाले आहे की, त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. ते मूळ प्रामुख्याने पाळीव कासवांच्या अनुभवात आहे. शॅमेलिऑनमध्ये हा अभाव होत नाही असे नव्हे. कीटकांच्या शरीरात तयार अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच, आणि वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या विकतच्या कीटकांवर पोसलेल्या प्राण्याला तो होऊ शकतो. पापण्यांची सूज, डोळ्यापाशी अडकणारी कात, ग्रंथींतील पेशींचे कडक होणे ही त्याची चिन्हे होत. परंतु वाडीतून चार दिवसांपूर्वी उचललेल्या, आजवर नाना प्रकारचे किडे खाल्लेल्या घोयऱ्याला हा अभाव असण्याचे कारण फारसे दिसत नाही. उलट हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते. त्याची मात्रा अधिक झाली, विशेषतः टोचून दिली गेली, तर त्वचा सोलून निघते. चुकीच्या निदानावरचा हा उपाय रोगाहून भारी पडतो.

दुसरी गल्लत दिव्यांची. पाश्चात्त्य घरातल्या शॅमेलिऑनला अतिनील किरण देणारा दिवा अपरिहार्य असतो, कारण त्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडे ठिसूळ होतात. हे सत्य आहे. परंतु अयोग्य प्रकारच्या अथवा फार जवळ लावलेल्या दिव्यांमुळे बुबुळाला व डोळ्याच्या आवरणाला दाह होतो, हेही तितकेच सत्य आहे. डोळे सतत मिटलेले, अन्न सोडलेले, पण दिवा बंद केल्यावर दोनचार दिवसांत सुधारणा, असे त्याचे स्वरूप असते. दिवेआगरला ऑक्टोबर ते मे उन्हाची कमतरता नाही. पावसाळ्यात मात्र आभाळ दिवसचे दिवस भरलेले असते आणि हवा दमट, कोंदट होते. तेथे प्रश्न आर्द्रता वाढविण्याचा नसून हवा खेळती ठेवण्याचा आहे. काचेच्या पेटीत दिवसातून तीन वेळा फवारा मारण्याचा सल्ला कोरड्या, तापवलेल्या खोल्यांसाठी लिहिलेला आहे. जुलैतल्या कोकणात तो पाळला तर जंतू आणि बुरशी यांनाच आमंत्रण मिळते.

तिसरी गल्लत सर्वांत धोकादायक आणि तिचा संबंध कपाटातल्या बाटलीशी आहे. माणसांसाठीच्या डोळ्याच्या थेंबांपैकी अनेकांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. बुबुळावर जखम असता स्टेरॉइड घातले तर जखम भरत नाही, खोल जाते, आणि डोळा फुटण्याची वेळ येऊ शकते. बुबुळावर जखम आहे की नाही, हे फ्लुरेसिन नावाचा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. घोयऱ्याच्या बाबतीत तर छिद्रच इतके लहान की नुसत्या नजरेने अंदाज बांधणे व्यर्थ. एका प्राण्यासाठी निर्धोक असलेले औषध दुसऱ्याच्या मुळावर कसे येते, याचे उदाहरण शोधण्यास श्रीवर्धनकरांना दूर जावे लागत नाही. शेजारच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव गिधाडांसाठी ओळखले जाते, आणि गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने देशभरातील गिधाडांचा केलेला संहार व त्यामुळे २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर आलेली बंदी सर्वज्ञात आहे.

डोळ्यामागे पू साचला असता थेंबांनी तो निघत नाही, याचेही कारण शरीरधर्मात आहे. सस्तन प्राण्यांचा पू पातळ असतो, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींतील विकरे तो विरघळवतात. सरीसृपांच्या पेशींत त्या प्रकारची विकरे नसल्याने त्यांचा पू घट्ट, खव्यासारखा होतो. तो आपोआप फुटत नाही, शेकाने वाहत नाही. भूल देऊन छेद घ्यावा लागतो, गोळा काढावा लागतो, पोकळी धुवावी लागते आणि पुवाची तपासणी करून प्रतिजैविक ठरवावे लागते. मेडर यांच्या १९९६ सालच्या सरीसृपवैद्यकावरील ग्रंथापासून ही वैद्यकीय बाजू अभ्यासकांना सुलभ झालेली आहे. लोकप्रिय लेखनात मात्र 'गरम पाण्याचा शेक' अजून टिकून आहे. आणखी एक बाब अशी की, या प्राण्याच्या शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते. गारठ्यात ठेवलेल्या घोयऱ्याच्या शरीरात औषध नीट पसरत नाही आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. ऊन घेण्याची आणि सावलीत सरकण्याची सोय हा उपचाराचाच भाग होय.

दिवेआगरची परिस्थिती

दिवेआगरचे नाव अभ्यासकाला प्रथम आठवते ते शके ९८२ च्या ताम्रपटामुळे, सामान्य प्रवाशाला सुवर्णगणेशामुळे. या दोहोंबरोबर गावाची खरी ओळख म्हणजे समुद्राला समांतर पसरलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्यापुढची सुरूची बने. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि पिढ्यांनी वाढवलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीचे झाड उत्पन्न देऊ लागण्यास काही वर्षे जातात, त्यामुळे त्या नुकसानीची चर्चा रास्तपणे सुपारीच्या हिशेबात झाली. वाडीच्या छत्राखाली आणि कुंपणाच्या झुडपांत राहणाऱ्या लहान जिवांचे काय झाले, हा प्रश्न त्या हिशेबात बसणारा नव्हता. उंच फांदीवर सुरक्षित असणारा घोयरा छत्र विरळ झाले की जमिनीच्या, रस्त्याच्या आणि माणसाच्या जवळ येतो, एवढे तर्काने म्हणता येते. पर्यटनाचा हंगाम आणि घरगुती निवासव्यवस्था यांची त्यात भर पडली की, 'मुलांना दाखवायला' घोयरा हातात धरण्याचे प्रसंग वाढतात. हाताळणीने त्याला ताण येतो, ताणाने तो डोळे मिटतो, आणि मिटलेले डोळे पाहून कोणीतरी थेंबांची बाटली शोधू लागतो.

वैद्यकीय सोयीचा विचार केला तर ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखाना गाय, बैल, म्हैस, शेळी यांसाठी उभा आहे. तेथील पशुधन पर्यवेक्षकाकडून घोयऱ्याच्या डोळ्यामागील गळू शस्त्रक्रियेने काढण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या आवारातील रुग्णालयाला लोक अद्याप 'बैलघोडा' म्हणतात, आणि पुण्याकडील वन्यप्राणी उपचार केंद्रे हे पर्याय आहेत. परंतु तेथे पोहोचण्यास बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव असा घाटवळणांचा प्रवास करून पुढे ताम्हिणीने पुण्यास अथवा महामार्गाने मुंबईस जावे लागते. मार्गदर्शनपर लेखनात 'त्वरित तज्ज्ञ पशुवैद्याकडे न्यावे' हे एक वाक्य असते. दिवेआगरमध्ये त्या एका वाक्याचा अर्थ सबंध दिवसाचा प्रवास होतो, आणि त्या दिवसाचे काय करावे याविषयी लेखन मौन बाळगते.

हे मौन भरून काढणे अवघड नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर अथवा जवळच्या वनकर्मचाऱ्यास प्रथम कळवावे. वन्यप्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत त्याची माहिती पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास देण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि ही तरतूद दयाळू माणसाच्याही संरक्षणाची आहे. जखम दिसत नसेल, दोन्ही डोळे उघडे व फिरते असतील, पकड घट्ट असेल, तर तो प्राणी रुग्ण नाहीच. त्याला जेथून उचलले त्याच झाडावर परत ठेवणे हाच उपचार. रुग्ण असेल तर पुठ्ठ्याच्या हवेशीर खोक्यात एक आडवी, घट्ट बसवलेली फांदी असावी, आत अंधार असावा, खोके उन्हात अथवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. पाण्याची वाटी, किडे, कापसाचे बोळे यांपैकी काही आत घालू नये. निघण्यापूर्वी ओल्या पानावरून दोनचार थेंब तो स्वतः चाटील तर चाटू द्यावा. तोंड उघडून पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डोळ्यात काहीही घालू नये. मध नाही, गुलाबपाणी नाही, बाटलीतले थेंब तर मुळीच नाहीत. धुळीचा अथवा वाळूचा कण उघड दिसत असेल तरी निर्जंतुक सलाइनचा एखादा थेंब ही मर्यादा समजावी. चिमटा लावू नये.

आणि खोक्याबरोबर एक कागद द्यावा. कोणत्या पाखाडीतल्या कोणत्या वाडीत, कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेस व वेळेस तो सापडला; त्या वेळी कोणता डोळा मिटलेला होता, उजवा की डावा; तो कधीपासून तसा आहे; काही औषध अगोदर घातले असल्यास त्या बाटलीवरचे नाव काय. एक डोळा कायमचा गेलेला घोयरा पुन्हा सोडावा की नाही, हा निर्णय वैद्याला आणि वनविभागाला घ्यावयाचा असतो. तो सोडण्याचा झाला, तर त्याला नेमक्या कोणत्या वाडीत न्यावयाचे, हे त्या कागदावरूनच कळते.